शंकासमाधान : ऑस्टाराचं आमंत्रण

शंका : आम्ही लीड्सला राहतो. मुलीच्या मैत्रिणीचे आईवडील स्वतःला विक्कन म्हणवतात. २० मार्चला त्यांच्या परसात ‘ऑस्टारा’ हा वसंताचा सण आहे, आम्हा सगळ्यांना बोलावलं आहे. तिथे वेदी मांडतात, सुरीने रिंगण आखतात असं कळलं. सासूबाई म्हणतात, हे चेटूक, पोरीला धाडू नका. काय करावं?

समाधान : सासूबाईंना दोष देता येणार नाही. ही मंडळी स्वतःला हौसेने चेटकिणी म्हणवून घेतात, मग ऐकणाऱ्याने घाबरावं यात नवल काय! पण चेटूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणाचं तरी वाईट करणं येतं, आणि विक्का या त्यांच्या धर्मात दंडक आहे तो नेमका उलटा : कुणाला इजा होणार नसेल तर मनाला येईल ते करा. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’, म्हणजे निसर्गपूजक, असा लिहिला, आणखी १३ हजारांनी त्यातल्याच एका पंथाचं नाव, ‘विक्का’. तेव्हा मैत्रिणीचे आईवडील काही एकटे नाहीत.

वेदीवर बहुधा डॅफोडिलची फुलं, रंगवलेली अंडी, बियाण्याची वाटी आणि मेणबत्त्या दिसतील. सुरीला ते अथामे म्हणतात. रिवाजाप्रमाणे तिने काही कापत नाहीत, हवेत रिंगण तेवढं आखतात. मग चार दिशांना आणि त्यांच्या तत्त्वांना आवाहन, तरुण देवी आणि तिच्या जोडीचा देव यांना आवाहन, केकचा तुकडा, हातोहात फिरणारा पेला, आणि शेवटी बोलावलेल्यांना रीतसर निरोप. पूजेत वाढलेल्या माणसाला हा क्रम परका वाटू नये. मुलं असली की बराच वेळ अंडी रंगवण्यात आणि कुंडीत बी पेरण्यातच जातो.

माझं मत विचाराल तर जा. फक्त यजमानीणबाईंशी आधी मोकळेपणी बोला. रिंगणात उभं राहायचं की बाहेरून पाहिलं तरी चालेल? पेल्यात काय असेल? बहुतेकदा वाइन किंवा मधाची दारू असते, पण मुलांसाठी फळांचा रस ठेवणारेही पुष्कळ. रिंगण आखल्यावर ते मनाला येईल तसं ओलांडत नाहीत, कुणीतरी ‘दार’ उघडून द्यावं लागतं. लहान पोरीला ऐनवेळी बाथरूमला जायचं असतंच, म्हणून हेही विचारून ठेवा. तुमच्याकडे अंडं चालत नसेल तर तसं सांगा. ती बी पेरेल. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. नोकरीच्या ठिकाणी आपला धर्म कळू नये असं वाटणारे यांच्यात बरेच आहेत.

सासूबाईंना एखाद्या वर्षी नुसतं दुरून पाहायचं असेल तर वसंतसंपाताला, म्हणजे दिवसरात्र समान असतात त्या दिवशी, दुपारी लंडनच्या टॉवर हिलवर पांढऱ्या झग्यांतल्या ड्रुइड पंथीयांचा विधी उघड्यावर होतो. त्यांची वाट विक्काहून वेगळी, पण वर्षचक्रातले सण बरेचसे तेच.

शंका : आम्हाला ऑस्टाराला बोलावणारे सांगतात की हा सण हजारो वर्षांचा आहे, ससा आणि अंडी देवीची आहेत, आणि ख्रिश्चनांनी हा सण चोरून ईस्टर केला. खरं का?

समाधान : थोडं खरं, बरंचसं नाही. बीड नावाच्या ख्रिस्ती साधूने ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. इंग्रजांचे पूर्वज एका महिन्याला एओस्त्रे देवीचं नाव देत आणि त्या महिन्यात तिचे उत्सव करत, असं तो त्यात सांगतो. बस, इतकंच. ससा नाही, अंडं नाही, संपातही नाही. तो महिना साधारण एप्रिलचा. १८३५ मध्ये भाषापंडित याकोब ग्रिमने तिची जर्मन जोडीदार ‘ओस्टारा’ अनुमानाने उभी केली. १९५८ मध्ये जर्मनीत मोर्केन-हार्फजवळ मिळत्याजुळत्या नावाच्या मातृदेवतांचे दीडशेहून अधिक रोमनकालीन लेख सापडले, त्यामुळे बीडने देवी मनाने रचली नसावी असं मानणाऱ्यांना बळ मिळालं. अंडी आणणाऱ्या ईस्टरच्या सशाचा उल्लेख मात्र १६८२ च्या एका जर्मन वैद्याच्या लिखाणात येतो, तोही देवीविना. देवीने पक्ष्याचा ससा केला ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या तर्कांतून वाढलेली.

आठ सणांचं वर्षचक्र १९५० च्या दशकात विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड रॉस निकोल्स यांच्या वर्तुळांत जुळून आलं. वसंतसंपाताला ‘ऑस्टारा’ हे नाव दिलं एडन केली या अमेरिकन विक्कनने, १९७४ मध्ये. आणि ईस्टर भूमध्य समुद्राच्या काठी दुसऱ्या शतकातच पाळला जात होता, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या हिशेबाने. तेव्हा इंग्रज ख्रिस्ती व्हायला काही शतकं अवकाश होता. रोनाल्ड हटन या ब्रिस्टलच्या इतिहासकाराची पुस्तकं वाचून कितीतरी पेगनांनीच हे मान्य केलं आहे.

सण जुना असला तरच खरा, हा हट्ट मात्र मला पटत नाही. पुण्यात गणपती चौकात बसू लागला तो १८९० च्या दशकात. त्याने मांडवात हात जोडणाऱ्याची भक्ती नकली ठरली नाही. बोलावणाऱ्यांना हे जरूर सांगा, पण रिंगण सुटल्यावर, चहा घेताना.

शंका : आम्ही मेलबर्नला असतो. इथले पेगन ऑस्टारा सप्टेंबरात करतात. हे शास्त्राला धरून आहे का?

समाधान : अगदी. तिथे वसंत येतो तो २२-२३ सप्टेंबरच्या संपाताला. मार्चमध्ये पानं गळत असताना अंकुराचा सण करणं त्यांना विसंगत वाटतं. आपला पाडवा तिथीला बांधलेला, म्हणून मेलबर्नला तो शरदात येतो आणि तुम्ही गुढी तेव्हाच उभारता. ते मातीकडे पाहतात, तुम्ही पंचांगाकडे. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पाडवा सप्टेंबरात ढकलू नका.

शंका : गेल्या वर्षी मी अशा विधीला गेले, तर वेदीवर अंड्यांशेजारी कालीची मूर्ती, समोर दारूचा पेला. मला ओशाळल्यासारखं झालं. बोलावं की गप्प बसावं?

समाधान : बोलावं, पण चिडून नव्हे. अनेक विक्कन कुठल्याही देशाच्या देवीला हाक मारतात. तुम्हाला खटकलं ते त्यांनी भक्तीनेच केलेलं असू शकतं. शिवाय शाक्त तंत्रमार्गात कालीपुढे मद्य ठेवतात, त्यामुळे ‘आमच्यात असं नसतं’ हे सरसकट म्हणू नका. तुमच्या घरी देवीचं काय करतात ते सांगा. दुसऱ्यांची दैवतं अशी उचलावीत का, यावर पेगनांमध्येही कडाक्याचे वाद आहेत, तेव्हा तुमचं म्हणणं त्यांना अगदीच नवं नसेल. देवीचं नाव घेताना तुम्हाला हात जोडायचे नसतील तर नुसतं उभं राहा, कुणी जबरदस्ती करत नाही. आणि सांगूनही मूर्ती शोभेसारखीच मांडलेली दिसली, तर यंदा रिंगणाच्या वेळी नको, बी पेरायच्या वेळी जा.