वाडगाभर पाणी

डेन्मार्कमधल्या जटलंडमध्ये एका शेतकऱ्याला दोन मुली होत्या. घर ल्युथरन होते, रोज रात्री प्रार्थना होई आणि बापाचा शब्द शेवटचा असे.

1850 साली त्या देशात अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचे प्रचारक आले. काही वर्षांनी त्यांचे बोलणे धाकटीच्या मनात भरले. बाप म्हणाला, "या उंबऱ्याबाहेर पडायचं नाही." धाकटी पडली. 1857 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत उतरून ती आयोवापासून सॉल्ट लेकपर्यंत दोन हजारांवर किलोमीटर चालत गेली, सामानाची लाकडी हातगाडी ओढत. पुढे युटामधल्या सॅनपीट खोऱ्यात, डॅनिश लोकांच्या एका वस्तीत तिने संसार मांडला.

ती गेली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जटलंडमध्ये आई वारली. तिच्या उशाशी थोरली एकटी होती.

मग बापही गेला. तोवर आगगाडी युटापर्यंत पोहोचली होती. मागे कोणी उरले नाही म्हणून थोरली एक पेटी घेऊन बहिणीकडे आली. धर्म तिने बदलला नाही. दिवसा दोघी मिळून गाई पिळत, लोणी काढत, बटाटे खणत. संध्याकाळी विणायला बसल्या की भांडण हव्वेवरून सुरू होई.

धाकटी म्हणे, "मी हव्वेला नावं ठेवणार नाही. ती आणि आदाम एदेन बागेतच राहिली असती तर त्यांना लेकरं झाली नसती. दुःख कळलं नसतं, म्हणून सुखही कळलं नसतं. ती बाहेर पडली म्हणून आपण आहोत."

थोरली म्हणे, "देवाची आज्ञा मोडली ती मोडली. त्या दिवसापासून माणसाचं मनच वाकडं झालं. पुढे देवाने त्यातून भलं केलं, ती त्याची कृपा. मोडलेल्या घराच्या लाकडांवर त्याने चूल पेटवली, म्हणून घर मोडणाऱ्याला शाबासकी द्यायची का?"

एवढे झाले की दोघी गप्प होत. बोलणे हव्वेचे नाही, हे दोघींनाही ठाऊक होते. धाकटीच्या भोवती पाच मुले खेळत असत, आणि थोरलीच्या पेटीत तळाशी आईची शाल होती. ती तिने बहिणीला कधी दाखवली नव्हती.

धाकटीला सहावे मूल झाले, मुलगी. ती तीन महिन्यांची असताना तापाने फणफणली. छाती घरघरू लागली. बाप लाकडे आणायला डोंगरात गेला होता. वस्तीतले दोघे वडीलजन आले, बाळाच्या डोक्याला तेल लावून, हात ठेवून प्रार्थना करून गेले. ताप उतरेना.

मध्यरात्री थोरली वाडगाभर पाणी घेऊन पाळण्याशी आली. खोऱ्यात ल्युथरन पाळक नव्हता. पण जीव धोक्यात असेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे तिला लहानपणापासून माहीत होते.

धाकटीने तिचा हात धरला. "ताई, हिने काय केलंय धुऊन टाकण्यासारखं?"

"हिने काही केलं नाही गं. पण पडक्या घरात जन्मलीय. तू, मी, सगळी तिथेच जन्मलो."

"आदामाचं पाप माझ्या लेकीच्या माथी नको."

"आणि ती तशीच गेली तर?"

"तरी ती प्रभूचीच आहे."

वाडगा दोघींच्या हातांत होता. थोडे पाणी पाळण्यावर सांडले. मग धाकटीने फडके त्यात बुडवले, पिळले आणि बाळाच्या कपाळावर ठेवले. थोरलीने दुसरे भिजवले. पहाटेपर्यंत दोघी आळीपाळीने पट्ट्या बदलत राहिल्या आणि प्रभूची प्रार्थना म्हणत राहिल्या. आईने शिकवलेली, डॅनिशमधली, दोघींना एकच येत होती. पट्टी ठेवताना थोरलीने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव मनात घेतले की नाही, ते तिने कधी सांगितले नाही. मला वाटते, घेतले असावे.

उजाडता ताप उतरला.

चुलीशी बसल्यावर धाकटीने विचारले, "आई शेवटी काय म्हणाली?" इतक्या वर्षांत तिने हे विचारले नव्हते.

"दार वाजलं की तुझं नाव घ्यायची."

धाकटी पुष्कळ वेळ रडली. आपण निघालो ते चुकले, असे मात्र ती म्हणाली नाही. थोरलीनेही तिला ते म्हणायला लावले नाही. तिने पेटी उघडली, शाल काढली आणि बाळाला तिच्यात गुंडाळले.

मुलगी आठ वर्षांची झाली, तेव्हा ओढ्यात बुडवून तिचा बाप्तिस्मा झाला. काठावर पहिली घोंगडी पुढे केली ती मावशीने. "मला हे पटत नाही," असेही ती म्हणाली, आणि पोरीचे केस खसाखसा पुसू लागली.

थोरलीच्या मागे मोठी परंपरा होती. आदामात सर्व माणसे पडली, ही पौलाच्या पत्रांवरून आलेली समजूत पाचव्या शतकात ऑगस्टीनने मूळ पापाच्या सिद्धांतात बांधली, आणि ल्युथरच्या अनुयायांनी 1530 च्या आउग्सबुर्ग येथील कबुलीजबाबात ती कायम ठेवली. ईस्टरच्या रात्रीचे एक जुने लॅटिन स्तोत्र तर त्या अपराधाला धन्य म्हणते, कारण त्यामुळे असा तारणारा लाभला. तरी अपराध तो अपराधच राहतो. धाकटीचा आधार 1830 साली छापलेला मॉर्मनचा ग्रंथ होता, आणि 1842 साली मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने लिहिलेले कलम, की माणसाला शिक्षा त्याच्या स्वतःच्या पापांची होते, आदामाच्या आज्ञाभंगाची नव्हे. पडलेल्याला ख्रिस्ताशिवाय उठता येत नाही, हे दोघीही मानत. पण एकीला झालेली जखम विसरू द्यायची नव्हती आणि दुसरीला जन्मलेली लेकरे. हा फरक खरा आहे. प्रेमाने तो मिटत नाही, आणि तो मिटेपर्यंत त्या दोघी थांबल्याही नाहीत.

मॉर्मन घरांत आजही बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, आणि ल्युथरन घरांत बहुधा मूल पाळण्यात असतानाच.