देहाची राखण

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना एक असंही येतं, की जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख माणसानं वेळेआधीच पाहून ठेवावं. ज्ञानेश्वर माउलींनी यावर फार मन लावून लिहिलं आहे. ज्ञानेश्वरी पुरी झाली 1290 साली, आणि 1296 साली त्यांनी आळंदीला समाधी घेतली. म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलंच नाही, तरी त्यांना ते दिसलं होतं.

माझं उलट झालं. मला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला लागणारा आठवा घटक, म्हणजे फॅक्टर, माझ्या अंगात जवळजवळ नाहीच, तो सुईनं घ्यावा लागतो. साठच्या दशकात असा मुलगा मोठा होईल असं कुणी छातीठोकपणे सांगत नसे. माझा मामा दात पडायच्या वयात गेला, हिरडीतलं रक्त थांबलंच नाही. आई मला ‘एवढा पावसाळा निभावू दे’ म्हणत वाढवत राहिली. माझं म्हातारपण आमच्या घरात कुणी मनातसुद्धा आणलं नव्हतं. आता पासष्टी उलटली आहे.

आणि तरी म्हातारपणाचे हाल मला नवे नाहीत. गुडघा भरला की आत साचलेल्या रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तराला सुजवतं, सुजलेलं अस्तर पुन्हा रक्त सोडतं, कूर्चा झिजत जाते. दहावीत होतो तेव्हाच माझ्यापेक्षा आजोबा जिना भराभर चढायचे. मध्यंतरी डॉक्टरीणबाईंनी हाताची पकड मोजली, थोडं अंतर चालायला लावलं. नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, ढिली पकड, मंद चाल, कमी हालचाल. 2001 साली लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वृद्धांची दुर्बलता ओळखायला ही पाच लक्षणं ठरवली. तीन जुळली की माणूस दुर्बल. माझी तीन जुळली. पण मी भरभर चाललो तरी कधी होतो? यातलं वयानं किती केलं आणि आजारानं किती, ते बाईंनाही सांगता येईना.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, कीर्तन करतो. तो परवा मायेनंच म्हणाला, “आता देहाचा मोह सोड रे. किती सुया टोचून घेशील?” ते शब्द मला फार लागले, कारण माझं सगळं आयुष्य त्या सुयांवर उभं आहे.

फॅक्टरची बाटली कशी तयार करतात ते त्यानं एकदा बघावं. भुकटीत पाणी सोडायचं. बाटली हलवायची नाही, फेस येतो. दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची, भुकटी पुरती विरेपर्यंत. मग मनगटाच्या मागची शीर शोधायची. वर्षानुवर्षं टोचून शिरा कडक झाल्यात, सुई सरकते. तेवढा वेळ मन दुसरीकडे जाऊन चालत नाही. याला मोह म्हणायचं? मला वाटतं, धडधाकट माणसाला देह विसरता येतो आणि त्या विसरण्यालाच तो वैराग्य समजतो. ती सवलत मला कधीच नव्हती.

शिवाय हा देह निव्वळ माझा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रक्तद्रवापासून केलेल्या फॅक्टरच्या एका खेपेत हजारो माणसांचं रक्त एकत्र आलेलं असतं. त्याच वाटेनं ऐंशीच्या दशकात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी आले आणि जगभर माझ्या पिढीतले कितीतरी जण गेले. आमच्यात म्हातारे थोडे दिसतात त्याचं हेही एक कारण. अनोळखी लोकांनी ही ठेव माझ्याकडे दिली आहे. ती वाऱ्यावर टाकून मी कसलं वैराग्य मिरवू?

दादाच्या बोलण्यात एक प्रश्न मात्र खरा आहे. थांबायचं कुठं? डॉक्टर गुडघा बदलायचं म्हणतात. त्या शस्त्रक्रियेला आणि नंतरच्या दिवसांना फॅक्टर भरपूर लागतो, आणि सरकारी साठा कधी कधी आटतो. दवाखान्यात माझ्याच बाकावर, घोटा भरलेला एखादा आठ-दहा वर्षांचा पोरगा बसलेला असतो. त्याचा सांधा अजून वाचण्यासारखा आहे. माझ्यासारख्यानं इथं हात आखडता घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणून गुडघा सध्या नको असं मी बाईंना सांगितलं. त्यांना ते पूर्ण पटलेलं नाही. आमची चर्चा चालू आहे.

पण पडण्याची गोष्ट वेगळी. स्नायू वाळलेत, हाडं विरळ झालीत, तोल जातो. डोक्याला मार बसला तर आतल्या आत रक्त साचून खेळ संपतो. म्हणून खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज करतो, न्हाणीघरात मुलाचा हात धरतो, आणि ठरलेला डोस ठरलेल्या वारी घेतो. हे मी सोडणार नाही, असं दादाला स्पष्ट सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, पुढच्या वेळी बाटली तयार करशील तेव्हा मला बोलव.