हे तू लिहिलंस का?

हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. निबंध जरा बरा उतरला, की वही परत देताना मास्तर विचारायचे, ‘कुठून काढलास रे?’ आमच्या नंदुरबारकडे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी. घरी पावरी, मावची, देहवाली नाहीतर अहिराणी बोलायची आणि शाळेत पाऊल टाकलं की पुस्तकातली मराठी, हे इथल्या कितीतरी मुलांचं रोजचं जगणं. त्यातल्या एखादीनं स्वच्छ, व्याकरणशुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत चार पानं लिहिली, की कौतुकाच्या आधी संशय येतो. ही भाषा हिची कशी असेल?

आता हा संशय विचारायला यंत्र मिळालं आहे. असाइनमेंट एखाद्या ‘एआय डिटेक्टर’मध्ये टाकायची, बटण दाबायचं, की आकडा येतो: ७२ टक्के एआय. संशयाला आकडा चिकटला की त्याचा निकाल होतो. या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. मला तो आधी न्यायाचा वाटतो. पण न्यायाचं बोलण्याआधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहू.

भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे मोजत मोजत लिहितं. डिटेक्टर तीच गोष्ट उलट्या बाजूनं तपासतो. ‘सूर्य पूर्वेला’ यानंतर ‘उगवतो’ आलं तर यंत्राला काहीच नवल वाटत नाही. ‘अडखळतो’ आलं तर वाटतं. ज्या मजकुरात अशी नवलं कमी आणि वाक्यं एकाच लांबीची, तो यंत्राचा असण्याची शक्यता जास्त, असा हा मूळ हिशोब. नवी साधनं याच्या पुढे गेली आहेत. माणसांचे आणि एआयचे ढीगभर नमुने दाखवून त्यांना फरक शिकवला जातो. पण जुनं असो की नवं, यातलं कुठलंच साधन तुम्हाला लिहिताना पाहत नाही. ते मजकुराचा चेहरा पाहून अंदाज बांधतं.

त्यात टक्क्यांचा अर्थही सगळीकडे एकच नसतो. टर्निटिनचे ‘४० टक्के’ म्हणजे मजकुराचा तेवढा भाग एआयचा वाटतो. दुसऱ्या एखाद्या साधनाचे ‘४० टक्के’ म्हणजे अख्खा मजकूर एआयचा असण्याची शक्यता तेवढी. आणि वाचणारा बऱ्याचदा तिसराच अर्थ लावतो: पोरानं ४० टक्के कॉपी केली.

ही साधनं किती भरवशाची? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं जानेवारी २०२३मध्ये स्वतःचंच एक ओळख-साधन आणलं. कंपनीच्याच चाचणीत त्यानं एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. सहा महिन्यांत, जुलै २०२३मध्ये, अचूकता कमी असल्याचं सांगून कंपनीनं ते बंद केलं. त्याच वर्षी बर्लिनच्या प्राध्यापक डेबोरा वेबर-वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ साधनं शेजारी शेजारी ठेवून तपासली. एकाचीही अचूकता ८० टक्क्यांपर्यंत पोचली नाही. त्या तपासणीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. माणसानं आपल्या भाषेत लिहून मग यंत्राकडून इंग्रजीत भाषांतर करून घेतलेला मजकूर आला, की साधनं आणखी गडबडत होती. मराठीत विचार करून, मराठीत लिहून, मोबाईलवर त्याचं इंग्रजी करून घेणारे विद्यार्थी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा विचार त्यांचाच असतो. चेहरा मात्र यंत्राचा दिसतो.

याहून बोचणारा अभ्यास स्टॅनफर्डचा. २०२३मध्ये तिथल्या संशोधकांनी सात डिटेक्टरना ९१ टोफेल निबंध दिले. टोफेल ही इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची परीक्षा. हे सगळे निबंध माणसांनी लिहिलेले होते. तरी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. ९१पैकी १८ निबंधांवर तर सातही साधनांचं एकमत झालं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या निबंधांवर मात्र हीच साधनं जवळपास अचूक चालली. कारण सरळ आहे. परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून लिहितो. पाठ असलेले शब्द, खात्रीची वाक्यरचना, चुकण्याची भीती. त्यामुळे त्याच्या लिहिण्यात यंत्राला नवल वाटेल असं थोडंच उरतं. संशोधकांनी मग चॅटजीपीटीलाच त्या निबंधांची शब्दसंपत्ती वाढवायला सांगितली, तेव्हा एआयचा शिक्का बसणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास उतरलं. म्हणजे स्वतः लिहिलं तर चोर, आणि यंत्राकडून सजवून घेतलं तर साव.

हा अभ्यास इंग्रजीवरचा आहे, पण धडगावच्या एखाद्या मुलीसाठी प्रमाण मराठी ही काही घरची भाषा नसते. तीही जपून लिहिते. शिवाय आपण तिला निबंध शिकवतो कसा? ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘पाऊस पडला नाही तर’, ‘माझा आवडता ऋतू’. गाईडमधली सुरुवात, गाईडमधला शेवट आणि मधे तीन सुविचार. वर्षानुवर्षं आपण मुलांना सर्वांत अपेक्षित शब्द निवडायला शिकवलं आणि त्याचेच गुण दिले. आता एक यंत्र येतं आणि अपेक्षित शब्द निवडले म्हणून तिला दोषी ठरवतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळीच साधनं कुचकामी आहेत, असं म्हणणं आज खरं ठरणार नाही. काही नवी साधनं इंग्रजी मजकुरावर पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक चालतात. माणसांचंही तसंच. २०२५च्या एका अमेरिकी अभ्यासात, लिहिण्यासाठी नेहमी एआय वापरणाऱ्या पाच जणांना ३०० लेख वाचायला दिले. त्यांच्या बहुमताचा निर्णय फक्त एका लेखाच्या बाबतीत चुकला. म्हणजे ओळखणं अशक्य नाही. आणि ओळखण्याची गरज नाही, असंही नाही. रात्र जागून प्रकल्प लिहिणाऱ्या मुलाच्या शेजारी दोन मिनिटांत प्रकल्प ‘काढणारा’ बसला असेल आणि दोघांना सारखेच गुण मिळत असतील, तर पहिल्यावर अन्याय होतोच. हे नाकारून डिटेक्टरवर टीका करण्यात अर्थ नाही.

पण साधन सुधारलं म्हणून प्रश्न सुटत नाही, हे एका साध्या हिशोबावरून कळेल. समजा, हजार प्रकल्प आले. त्यातले १०० एआयचे, ९०० स्वतःचे. ओपनएआयचं ते बंद पडलेलं साधन इथे लावलं तर १००पैकी २६ सापडतील आणि ९००पैकी ८१ निरपराध अडकतील. बोट दाखवलेल्या १०७ जणांत ८१ जणांनी काहीच केलेलं नसेल. आता बरंच चांगलं साधन घेऊ: एआयचे ८० टक्के पकडणारं, आणि माणसांच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकणारं. पकडले ८०, चुकून अडकले ९. ठीक वाटतं. पण वर्ग अधिक प्रामाणिक असेल, हजारात फक्त २० जणांनीच एआय वापरलं असेल, तर? सापडतील १६ आणि अडकतील जवळपास १०. साधन तेच, चुकीचं प्रमाण तेच. वर्ग जितका प्रामाणिक, तितका पकडलेल्यांत निरपराधांचा वाटा मोठा.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं असाच हिशोब केला होता. टर्निटिननं १ टक्क्याहून कमी चूक असल्याचं सांगितलं होतं. विद्यापीठानं २०२२ या वर्षात ७५ हजार पेपर तपासणीला पाठवले होते. म्हणजे सुमारे ७५० जणांवर खोटा आळ येऊ शकला असता. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी ती सोय बंद करून टाकली.

आपल्याकडे हा वाद कोर्टापर्यंत गेला आहे. २०२४मध्ये हरियाणातल्या जिंदल ग्लोबल लॉ स्कूलमध्ये एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ८८ टक्के मजकूर एआयचा असल्याचं सांगून त्याला नापास केलं गेलं. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठानं त्याला उत्तीर्ण केल्याचं कोर्टाला सांगितलं आणि याचिका निकाली निघाली. तो विद्यार्थी कायद्याचा होता आणि कोर्टाची पायरी चढू शकला. अक्कलकुव्याच्या, तळोद्याच्या विद्यार्थ्याला चंदीगड सोडाच, औरंगाबाद खंडपीठही लांबच असतं. चूक सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकते. ती खोडून काढण्याची ऐपत मात्र सगळ्यांकडे नसते.

इथे वाङ्‌मयचौर्य आणि एआय यांतला एक फरक लक्षात ठेवायला हवा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत संशोधनातल्या साम्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत, १० ते ४०, ४० ते ६०, ६०च्या वर. तिथेही यंत्रच मोजतं, पण ते मूळ लेखही दाखवतं. दोन पानं शेजारी ठेवून तुम्ही म्हणू शकता, ‘हे तर अवतरण आहे, खाली नाव दिलंय.’ एआय डिटेक्टरकडे शेजारी ठेवायला दुसरं पानच नसतं. त्याच्याकडे फक्त आकडा असतो, आणि आकड्याची उलटतपासणी घेता येत नाही. ‘मी हे लिहिलं नाही’ हे सिद्ध करणं तसं जमतं. ‘मीच हे लिहिलं’ हे सिद्ध कसं करायचं?

‘मीच मी आहे’ हे यंत्रापुढे सिद्ध करायची सवय आमच्या जिल्ह्याला देशात सर्वांत आधी लागली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. आधारनं अनेकांना पहिल्यांदा कागदावर ओळख दिली, हे खरं. पण उसाच्या फडात, वीटभट्टीवर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानदार बाईला नावानं ओळखतो, रांगेतले सगळे ओळखतात, फक्त मशीन ओळखत नाही. अशा वेळी मशीनचं ऐकायचं की माणसांचं? सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात सरकारच्या ग्वाहीची नोंद आहे: ओळख जुळली नाही म्हणून कुठलाही पात्र माणूस लाभाला मुकणार नाही. ग्वाही आणि रांग यांत अंतर असतं, पण निदान तत्त्व तरी मान्य झालं: यंत्र ‘नाही’ म्हणालं तर तिथून चौकशी सुरू व्हावी, तिथे ती संपू नये. धान्याला लावलेलं तत्त्व लिहिण्याला का लावू नये?

आळ कधी कागदावर येतच नाही, तरी नुकसान होतं. डिटेक्टरच्या धाकानं मुलं आपलं लिहिणं बिघडवतात. चांगला शब्द काढून साधा टाकायचा, मुद्दाम एखादी चूक ठेवायची, नाहीतर मजकूर ‘माणसासारखा’ करून देणाऱ्या ॲपमधून काढायचा. ज्यानं एआय वापरलंय त्याला या युक्त्या चांगल्या माहीत असतात. अडकतो तो ज्यानं वापरलं नाही आणि म्हणून बचावाची तयारीही केली नाही. आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलीला ‘हे तुझं नाही’ असं ऐकावं लागलं, तर ती फक्त गुण गमावत नाही. ही भाषा आपली नव्हतीच, ही मनातली जुनी भीती यंत्रानं खरी ठरवली, असं तिला वाटू शकतं. त्या चुकीची मोजदाद कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग शिक्षकांनी काय करावं? वर्गात सव्वाशे मुलं, हातात तपासायला ढीग, हे मला दिसतं. डिटेक्टर वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. त्याच्या आकड्यावर गुण कापू नका, एवढंच म्हणेन. आकडा संशय वाढवत असेल तर मुलाला समोर बसवा. हे उदाहरण का घेतलंस? हा शब्द तुझ्या बोलीत कसा म्हणतात? कच्चं लिखाण दाखव. पाच मिनिटांत बरंच कळतं. ढीग कमी करायचा असेल तर विषयच असे द्या की मोबाईलला विचारून भागणार नाही: आपल्या पाड्यावरचं पाणी, भोंगऱ्या बाजार, आजीनं सांगितलेला दुष्काळ. एआय वापरलं तर कुठे आणि कशासाठी, हे न घाबरता लिहून द्यायची मुभा द्या. यात वेळ जातो, हे खरं. पण कुणाला खोटं ठरवायचं असेल तर त्याला पाच मिनिटं देणं, हे उपकार नव्हेत.

नंदुरबारच्या मुलांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव असतं, ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या म्हणत गेल्या आणि घरातल्या माणसांनी ते उतरवून घेतलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ते पुस्तक आलं. निरक्षर बाईची ही कविता कशी, असा संशय तेव्हाही घेता आला असता. हस्ताक्षर दाखवायला नव्हतं, कच्चं लिखाण नव्हतं. होती ती त्यांना म्हणताना ऐकलेली माणसं. त्या ऐकण्यावर भरवसा ठेवला गेला, म्हणून आज आपल्याकडे ती कविता आहे, आणि पदवीवर ते नाव.