जमीन कोणाची होते?

स्कॉटलंड देशाच्या उत्तरेस ऑर्कनी व शेटलंड असे दोन द्वीपसमूह आहेत. त्यांच्या मधोमध, भर समुद्रांत, फेअर आयल नांवाचें एक बेट आहे. लांबी सुमारें ५ किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास, वस्ती सुमारें पन्नास माणसांची. शेटलंडचा मुख्य किनारा तेथून ३८ किलोमीटरांवर आहे, आणि मधला समुद्र वर्षांतून कित्येक दिवस नावेस वाट देत नाहीं. वाऱ्यामुळें झाड म्हणाल तर औषधालाही मिळणें कठीण. अशा जागीं कोणी आपखुशीनें बायकामुलांसह राहावयास जाईल हें आपणांस खरें वाटणार नाहीं. परंतु बेटाची मालकी १९५४ पासून ज्या विश्वस्त संस्थेकडे आहे, तिनें या शतकांत रिकाम्या घरांसाठीं जाहीर रीतीनें कुटुंबें मागविलीं, तेव्हां परदेशांतूनही लोकांनीं विचारणा केली.

जे गेले त्यांचें रोजचें जिणें पाहूं लागलों म्हणजे एक प्रश्न मनांत येतो, आणि तो आम्हां खेड्यांतील लोकांसही टाळतां येण्याजोगा नाहीं. जमीन कोणाची होते? बापजाद्यांपासून जो तिच्यावर आहे त्याची, पैसा मोजणाराची, कीं जो तेथें राहतो त्याची?

त्या भागांतील लहान शेतास क्रॉफ्ट म्हणतात व तें कसणारास क्रॉफ्टर. आपल्याकडील कुळाची वहिवाट ध्यानांत आणिली म्हणजे बरेंचसें समजेल. शेत लहान, तेवढ्यावर पोट भरत नाहीं. परंतु त्याबरोबर गांवच्या गायरानांत मेंढ्या चारण्याचा वांटा मिळतो. एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या उत्तर भागांतील जमीनदारांनीं मेंढ्यांचे मोठे कळप पोसण्यासाठीं हजारों कुळांस घरांतून बाहेर काढिलें. फेअर आयलवर दाटी व दारिद्र्य इतकें वाढलें कीं, १८६२ सालीं शंभरावर माणसें जहाजांत बसून कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतीं निघून गेलीं. पुढें १८८२ सालीं स्काय बेटावरील कुळांची पोलिसांशीं झटापट झाली, १८८३ सालीं सरकारनें चौकशी नेमिली, आणि १८८६ सालीं कायदा झाला. खंड भरणाऱ्या कुळास कोणी हुसकूं नये, खंड वाजवी असावा, आणि वहिवाट वारसास देतां यावी, इतकें त्या कायद्यानें पदरांत पडलें. आपल्या मुंबई प्रांतांत कुळांसाठीं मोठा कायदा १९४८ सालीं झाला, हें आमच्या वृद्ध वाचकांपैकीं कित्येकांनीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकिलेलें असेल.

पण तेथील हक्कास एक अट जोडलेली आहे, आणि ती मला फार विचार करण्याजोगी वाटते. २०१० च्या कायद्याप्रमाणें क्रॉफ्टरनें आपल्या जमिनीपासून ३२ किलोमीटरांच्या आंत राहिलें पाहिजे, ती कसली पाहिजे, आणि तिची हेळसांड होऊं देतां कामा नये. खंड वेळेवर पाठविला एवढ्यानें सुटका नाहीं. फेअर आयलच्या माणसास तर बेटावरच राहणें भाग, कारण दुसरी भूमि त्या अंतराच्या बाहेर आहे. कोणी म्हणेल, हा जुलूम आहे. माझें शेत, मी तेथें राहीन किंवा शहरांत राहीन, सरकारास काय त्याचें? हा आक्षेप हलका नव्हे. यासाठीं एक घर डोळ्यांपुढें आणूं या.

नवरा, बायको, आठ वर्षांचा मुलगा व पांच वर्षांची मुलगी शहर सोडून शरदृतूंत बेटावर उतरलीं, असें समजा. माणसें कल्पिलेलीं आहेत, दिनक्रम कल्पिलेला नाहीं. पहिली गोष्ट त्यांस कळते ती ही कीं, येथें घड्याळापेक्षां वारा मोठा. डिसेंबरांत सूर्य सुमारें सहा तासच क्षितिजावर असतो, म्हणून मेंढ्यांस वाळलेलें गवत घालणें, कोंबड्या सोडणें, छपराचे पत्रे दोरांनीं आवळणें हें सारें त्या तुटपुंज्या उजेडांत उरकावें लागतें. पीठ, औषध व टपाल नावेनें येतें. त्या नावेचें नांव कित्येक वर्षें 'गुड शेफर्ड', म्हणजे उत्तम मेंढपाळ, असें चालत आलें आहे. (जेथें माणसांपेक्षां मेंढ्या अधिक, तेथें दुसरें नांव शोभलेंही नसतें.) खाडींत ती सुरक्षित राहत नाहीं, म्हणून फेरीहून आली कीं तिला उतरणीवरून ओढून जमिनीवर घ्यावी लागते. वादळ असलें तर कित्येक दिवस ती सुटतच नाहीं. विजेचीही तीच कथा होती: २०१८ पर्यंत वारा पडला म्हणजे रात्रीं वीज बंद होई. त्या वर्षीं नव्या पवनचक्क्या, सूर्याच्या उष्म्यावर नव्हे तर उजेडावर चालणारीं पत्रें व वीज सांठविणारे संच बसले, आणि अष्टौप्रहर दिवा मिळूं लागला.

हीं झालीं अडचणी, त्या सोसतां येतात. खरी ओळख पुढेंच आहे. बेटाच्या दक्षिणेस शेतें आहेत, उत्तरेस डोंगर, तो सर्वांचें गायरान, आणि मध्यें दगडी बांध. लोंकर कातरण्याच्या दिवसांत सर्व घरचीं माणसें डोंगरावर एका रांगेनें पसरतात आणि मेंढ्यांस हांकीत खालीं आणितात. नवा आलेला मनुष्यही त्या रांगेंत उभा राहतो. त्यास मेंढ्यांचें कांहीं कळत नाहीं. कळावयाची गरजही नाहीं. त्यानें फक्त आपली जागा धरून चालावयाचें. दोघांमधील अंतर फार झालें कीं मेंढी त्या फटींतून निसटते, तिच्यामागें सारा कळप फिरतो, आणि सर्वांचा दिवस फुकट जातो.

माझ्या समजुतीनें त्या अटीचें उत्तर या रांगेंत आहे. पन्नास माणसांच्या गांवांत एक बंद घर म्हणजे केवळ एक बंद घर नव्हे. त्या घरचें काम दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर पडतें. लहान विमान उतरतें तेव्हां आगीच्या बंबाजवळ कोणीतरी उभें राहिलें पाहिजे. नाव ओढण्यास, रस्ता नीट ठेवण्यास, टपाल वांटण्यास, शाळा चालू राहील इतकीं मुलें असण्यास माणसें पाहिजेत. एकाच मनुष्याकडे तेथें तीनचार कामें असतात. शहरांत राहून खंड पाठविणारा मनुष्य जमीनदाराचें देणें फेडतो, पण शेजाऱ्याचें देणें तसेंच राहतें. स्कॉटलंडच्या इतर बेटांवर तर पैसेवाले लोक उन्हाळ्यांतील चार आठवड्यांसाठीं मोठी किंमत मोजून क्रॉफ्ट घेतात, आणि गांवच्या तरुणास घर मिळत नाहीं. आमच्याही खेड्यांत कुलपें लागलेलीं घरें मोजून पाहावीं.

येथें पवित्र शास्त्राचे वाचक नाबोथाचें स्मरण देतील. त्यानें अहाब राजास वडिलार्जित द्राक्षमळा दिला नाहीं व प्राण गमाविला. वडिलांची भूमि ही पैशानें मोजण्याची वस्तु नव्हे, हें खरेंच. परंतु त्याच शास्त्रांत रूथही आहे. ती मवाबी, परकी. तिचे वडील त्या गांवांत नव्हते. ती सासूबरोबर आली, दुसऱ्यांच्या शेतांत सरवा वेंचीत उन्हांत राबली, आणि बेथलेहेमची झाली. तेव्हां वारसा हा एक मार्ग, आणि येऊन राबणें हा दुसरा. पहिल्यानें मिळालेली जमीनही दुसऱ्यावांचून टिकत नाहीं, असें मला वाटतें. नाबोथाचा मळा ज्या गांवीं होता त्याच गांवीं तो स्वतः राहत होता, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

आतां या विचाराची अवघड बाजू. आईबापांनीं बेट निवडिलें. मुलांनीं निवडिलें नाहीं. बेटावर प्राथमिक शाळाच आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलास शेटलंडच्या लरविक शहरीं जाऊन वसतिगृहांत राहावें लागतें, आणि हवा अनुकूल असेल तर तीनेक आठवड्यांनीं घरीं येतां येतें. ज्या आईबापांनीं मुलांच्या सहवासासाठीं शहर सोडिलें, त्यांच्यापासून मूल असें लवकर दूर जातें. तें मोठें होऊन परतलें नाहीं तर तें कर्तव्यास चुकलें म्हणावें काय? मी तसें म्हणणार नाहीं. बाप मुलास वहिवाट देऊं शकतो. राहण्याची इच्छा कोणास वारशानें देतां येत नाहीं. जो बाप ती मुलाच्या गळ्यांत कर्जाप्रमाणें बांधतो, तो त्याच्यावर अन्याय करितो.

गांव सोडणें हें स्वतः पाप नव्हे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस दूर सेंट किल्डा नांवाचा बेटांचा समूह आहे. तेथें माणसें घटतां घटतां सबळ पुरुष इतके थोडे उरले कीं निभाव लागेना. शेवटीं लोकांनीं आपण होऊन सरकारास विनंति केली, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजीं राहिलेलीं ३६ माणसें एकाच दिवशीं बेट सोडून गेलीं. निघतांना घरोघरीं उघडें बायबल व मूठभर ओट धान्य ठेविलें होतें, असें सांगतात. मला त्यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, तीं सर्व बरोबर गेलीं; सर्वांच्या वांट्याचें काम एकट्यानें ओढावें अशा स्थितींत कोणास मागें टाकिलें नाहीं.

आपल्या त्या कुटुंबाकडे पुन्हां वळूं. चार वर्षें झालीं, मुलगा लरविकास गेला. तीन आठवडे लोटले, पण धुक्यामुळें शुक्रवारीं विमान आलें नाहीं. शनिवारीं आकाश निवळलें. आई व धाकटी बहीण धांवपट्टीच्या कुंपणाशीं उभ्या आहेत. बापही तेथेंच आहे, परंतु त्याची पाळी बंबाची असल्यामुळें अंगांत जाड डगला व डोक्यावर शिरस्त्राण आहे. विमान टेंकतें, दार उघडतें, मुलगा पिशवी घेऊन उतरतो व हात हालवितो. पंखे अजून फिरत आहेत. ते थांबेपर्यंत बापास जागा सोडतां येत नाहीं. तो बंबाजवळ उभा राहूनच हात वर करितो.