साभार, पण कोणाचे?

चोरीची व्याख्या आमच्या लहानपणी अगदी सोपी होती. शेजारच्या परड्यातला पेरू आपल्या खिशात आला की तो शेजारच्या झाडावर राहत नाही. म्हणून ती चोरी. मार बसायचा तोही याच तत्त्वावर. आता मात्र अशी सोय निघाली आहे की पेरू आपल्या खिशातही येतो आणि झाडावरही तसाच लोंबकळत राहतो. मग झाडाच्या मालकाने ओरडावे तरी कशासाठी, असा प्रश्न हल्ली भल्याभल्या सज्जनांना पडतो आणि ते निर्धास्तपणे मोबाइलवरून आख्खी पुस्तके, आख्खी नाटके, आख्खे सिनेमे एकमेकांना वाटत सुटतात.

त्यांच्याशी वाद घालणे सोपे नाही. कारण परंपरा त्यांच्या बाजूला आहे. गणपतीत आरत्या संपल्यावर आपण 'घालीन लोटांगण' म्हणत स्वतःभोवती गिरकी घेतो ना? ते पाच कडव्यांचे प्रकरण म्हणजे निव्वळ गाठोडे आहे. पहिले कडवे मराठी, नामदेवांचे म्हणतात. पुढे एकदम संस्कृत सुरू. तिसरे कडवे भागवताच्या अकराव्या स्कंधातले, चौथे शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातले आणि पाचवे थेट कलिसंतरण उपनिषदातले! कोणा अज्ञात भाविकाने ही सगळी मंडळी एका चालीत ओवून टाकली. आजची मुलं याला रिमिक्स म्हणतात. शंकराचार्यांच्या वकिलाची नोटीस आल्याचे ऐकिवात नाही.

पण जरा थांबा. माल वाटायचा ही परंपरा खरी. नाव पुसायचे ही नव्हे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते, 'नामा म्हणे' येते. ती मालाबरोबरच शिवलेली पावती आहे. फाडायला जाल तर अभंगच फाटेल. कीर्तनकार अभंग उचलतो, त्यावर तासभर आपले निरूपण चढवतो, मधूनच सुनेच्या तक्रारी करणाऱ्या सासूची गोष्ट घुसवतो. पण तुकोबांचे नाव तुकोबांच्या पदरात घातल्याशिवाय खाली बसत नाही. नकला करणाऱ्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडवले, म्हणून एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत तयार केली आणि वर सज्जड दम भरला की यात कोणी आपली ओवी मिसळली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी मांडल्यासारखे होईल. लक्षात घ्या, नकला करू नका असे नाथ म्हणाले नाहीत. करवंटी नको म्हणाले.

आज करवंट्यांचा बाजार भरला आहे. 'पु. ल. देशपांडे यांचा अप्रतिम लेख' म्हणून मला जे काही येते, त्यात २००० साली गेलेले पु. ल. खुशाल सेल्फीवर कोट्या करताना आढळतात. कोट्या वाईट असत्या तर दुःख नव्हते. काही चक्क बऱ्या असतात! म्हणजे कोणीतरी जिवंत माणसाने त्या बसून लिहिल्या आहेत आणि घरात त्याने वाचून दाखवल्या की बायको म्हणते आहे, "पुलंचं ढापून माझ्यावर कशाला छाप पाडताय?"

कायदा इथे बरा विचार करतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावरही हक्क चालतो. आधी ५० वर्षे चालायचा. पण १९४१ साली गेलेल्या रवींद्रनाथांचा हक्क संपायची वेळ आली, तेव्हा १९९२ साली त्याची ६० केली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ च्या जानेवारीपासून सर्वांची झाली. (ती आधी नव्हती की काय!) पण याच कायद्याच्या ५७ व्या कलमात असेही आहे की, हक्क विकून टाकला तरी हे मी लिहिले असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. 'तुका म्हणे'ला एवढे कलम पुरेसे आहे.

आणि कायद्याला दयामायाही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी उतारे झेरॉक्स करण्याच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. मला आनंद झाला. महागडी पुस्तके ज्याला परवडत नाहीत, त्या पोराला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण आमच्या सोसायटीतले नानासाहेब विद्यार्थी नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. दुसऱ्याचा रुपया चुकून खात्यात आला तर रात्रभर झोपणार नाहीत. त्यांनी परवा पहाटे गटावरच्या २०० जणांना एक कादंबरी पाठवली. 'ज्ञान दिल्याने वाढते' असे वर लिहून.

ते कादंबरीकार माझ्या ओळखीचे. वय ७८. हजार प्रती खपायला नऊ वर्षे लागलेली. त्या दिवशी त्यांना अकरा फोन आले. पुस्तकावर नाव शाबूत होते, एवढे नशीब! प्रत्येकाला कादंबरी अतिशय आवडली होती आणि प्रत्येकाने ती फुकट वाचली होती. मला म्हणाले, "आनंद झालाय आणि संतापही आलाय. आधी कुठला करू?"

मी हे नानासाहेबांच्या कानावर घातले. ते खरोखर ओशाळले. "किंमत काय हो पुस्तकाची?"

"साडेतीनशे."

"त्यातले लेखकाला किती?"

"दहा टक्के धरा."

"म्हणजे पस्तीस!" त्यांनी सुटकेचा श्वास सोडून पाकीट काढले. मग बँकेतला माणूस जागा झाला. पाकीट तसेच हातात ठेवून त्यांनी चष्मा लावला, मोबाइल उघडला आणि निळ्या खुणा मोजायला सुरुवात केली. "उघडून पाहणाऱ्यांचेच धरायचे ना," ते म्हणाले, "की सगळ्यांचे?"