सोयरिकीची वाट

नाशिकहून निफाड मागे टाकून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की विंचूर येतं. पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचं हे गाव. आज ते ओळखलं जातं कांद्याच्या उपबाजारामुळे, द्राक्षबागांमुळे आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वाइन पार्कमुळे. या गावच्या शिवारात दोन सख्खे भाऊ राहत होते. थोरल्याला सगळे नाना म्हणत, धाकट्याला बापू. वाटण्या झाल्या तेव्हा हमरस्त्याकडची जमीन नानाच्या वाट्याला आली, पालखेडच्या पाटाकडची बापूच्या. वडील, म्हणजे आबा, सहा महिने एकाकडे आणि सहा महिने दुसऱ्याकडे राहत.

एका फेब्रुवारीत, माल उतरायला आठवडा उरला असताना, गारपीट झाली. निफाड तालुक्यात द्राक्षाला आधीच थंडीचा जाच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर-जानेवारीत पारा इतका खाली येतो की मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. त्या थंडीतून वाचवलेला माल गारांनी अर्ध्या तासात मातीत घातला. दोन्ही भावांवर सोसायटीचं कर्ज होतं आणि दोघांच्याही मनात एकच विचार आला: नुसत्या बागेवर भागायचं नाही. दारावरून रोज शिर्डीच्या, वेरूळच्या गाड्या जातात, त्यातल्या चार थांबल्या तरी घर चालेल.

नानाने मोठा विचार केला. बँकेचं कर्ज काढलं, रस्त्यालगतची बाग तोडली आणि तिथे पोहण्याचा तलाव, सिमेंटचा डोंगर, त्यावरून पंपाने पडणारा धबधबा, फायबरचे हत्ती आणि लग्नासाठी लॉन उभं केलं. भोवती आठ फूट भिंत घातली. कामाच्या पोरांना एक गोष्ट बजावून सांगितली. पाहुण्याने विचारलं, "इथे जवळ बघण्यासारखं काय आहे?" तर उत्तर द्यायचं, "साहेब, सगळं आतच आहे." पाहुणा बाहेर गेला की त्याचा चहा, जेवण, आइस्क्रीम सगळं बाहेर जातं, हा त्याचा हिशेब. धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचा वाटत नाही. बहुतेकजण असाच करतात.

बापूकडे तेवढी ऐपत नव्हती. त्याने बेदाण्याच्या जुन्या शेडला भिंती घालून दोन खोल्या काढल्या, न्हाणीघर बांधलं, आणि बायकोने चूल मांडली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं होतं. त्याची माहिती काढून बापूच्या मुलीने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीही केली. पण खोल्या झाल्या तरी पाहुण्याला दाखवायचं काय, हा प्रश्न उरलाच. द्राक्षाची बाग तासाभरात बघून होते.

पहिले पाहुणे आले ते मुंबईचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको. शिक्षकांनी विचारलं, "नांदूर मध्यमेश्वर इथून किती लांब?" बापू गप्प झाला. पाऊण तासाच्या वाटेवरचं ते ठिकाण. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बांधलेला तो बंधारा आणि त्यामागची दलदल. १९८६ साली तिथे अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. बापूने ते पाणी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. पण त्याची बहीण दिली होती चापडगावच्या बाजूला, आणि तिचा पुतण्या अभयारण्यात पक्षी दाखवायचं काम करत होता. बापूने बहिणीला फोन लावला. "ताई, उद्या सकाळी दोन पाव्हणे पाठवतो. म्हातारी माणसं आहेत, सांभाळून न्यायला सांग पोराला."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःही गेला. पोराने मनोऱ्यावर दुर्बीण लावली, त्या बाईंची उंची पाहून तिवई खाली केली आणि म्हणाला, "आजी, एक डोळा मिटा. उजवीकडे पाण्यात उभे आहेत ते चित्रबलाक. शेपटीजवळचा गुलाबी रंग बघा." मग त्याने राखाडी बदकांसारखा एक थवा दाखवला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पट्टकादंब हिमालय ओलांडून इथे येतो, हे त्याने सांगितलं तेव्हा बापूनेही पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. शेजारी कॅमेरा घेतलेला एक माणूस पोराला दोन हजार रुपये देऊ करत होता. थवा एकदा उडवून दे, उडतानाचा फोटो पाहिजे. पोरगा म्हणाला, "दादा, ते इथे खायला आणि विसाव्याला आलेत. उडवले की त्यांची ताकद जाते. मी उडवणार नाही, आणि तुम्हालाही उडवू देणार नाही." तो माणूस चिडून निघून गेला. बापूने ते पाहून ठेवलं.

घरी आल्यावर बापूच्या बायकोने वहीत एक वेगळाच नकाशा काढला. त्यात रस्ते नव्हते, सोयरे होते. नणंद चापडगावकडे. मावशी येवल्यात, तिच्या शेजारी पैठणीचा माग. तिचं स्वतःचं माहेर अंकाई किल्ल्याच्या पायथ्याला. भाची चांदवडला, जिथे रेणुकामातेचं देऊळ आणि होळकरांचा रंगमहाल आहे. आपल्याकडे पोरी देताना आणि सुना आणताना माणसं जे अंतर बघतात, बैलगाडीने सकाळी निघून दिवस मावळायच्या आत पोचता यावं, तेच अंतर आजच्या गाडीला सहलीचं आहे. प्रत्येक गावात ओळखीचं दार आहे, आणि त्या दारातला माणूस पाहुण्याला फसवणार नाही, कारण फसवलं तर ते लग्नाकार्यात ऐकून घ्यावं लागेल. पर्यटनावरच्या कुठल्याही सरकारी आराखड्यापेक्षा ही वही मला जास्त पक्की वाटते.

बापू पाहुणे पाठवू लागला. सकाळी पक्षी, दुपारी येवला. कधी दिवसभर अंकाई-टंकाई: जोडकिल्ले, टंकाईच्या अंगाला जैन लेणी, वर अगस्ती ऋषींचं स्थान, आणि लांबवर हडबीची शेंडी हा सुळका. १८१८ साली इंग्रजांनी अंकाईचा किल्ला घेतला, हे सांगायला बायकोच्या माहेरचा, बारावीला असलेला पोरगा बरोबर असे. येवल्यात कोणी तात्या टोपे यांच्या जन्मगावाची चौकशी करी. कोणी मुक्तिभूमीवर जाऊन उभं राही, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. संक्रांतीला गेलेले पाहुणे आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात धरून गच्चीवर पतंग उडवत बसत आणि परतायचं विसरत.

पैठणीच्या मागावर मात्र एक पेच आला. मागावर एक बाई पदर विणत होती. मोराच्या मानेपाशी ती एकेक रंगाची कांडी उचलायची, मोजून ठरावीक तारांखालून काढायची, पुन्हा ठेवायची. दिवसभरात पदर जेमतेम काही बोटं पुढे सरकतो, हे पाहिल्यावर पाहुणीने किमतीची घासाघीस आपणहून सोडली आणि साडी घेतली. पाहुणे गाडीत बसल्यावर विणकराने बापूला बाजूला बोलावलं. "बापू, दहा टक्के तुमचे. सगळेच ड्रायव्हर घेतात." घरी हप्ता थकला होता. पण बापू म्हणाला, "टक्केवारी घेतली की उद्या मी त्यांना तुमच्याकडे आणीन ते साडीसाठी नाही, माझ्या दहा टक्क्यांसाठी. मला पैसे नकोत. एवढंच करा, हातमागाची कुठली आणि यंत्रमागाची कुठली, ते माझ्या पाहुण्याला खरं सांगा."

गावात हसू झालं. "आपल्या दारातला पाव्हणा लोकाच्या दारी धाडतो, आणि वर दलालीही घेत नाही. येडा आहे." वर्षाअखेरीला वही मांडली तेव्हा बापूलाही ते थोडं पटलं. पाहुण्यांनी खर्चलेल्या पैशांतले निम्म्याहून कमी त्याच्याकडे आले होते. तिकडे नानाच्या लॉनवर लग्नं लागत होती आणि रविवारी गाड्या लावायला जागा नव्हती.

तेव्हा आबा बापूकडे होते. ते काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "चल, कांदा घेऊन जाऊ." दोघं ट्रॅक्टर घेऊन उपबाजारात गेले. आवारात ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या. व्यापारी एका ट्रॉलीपाशी यायचे, मूठभर कांदे उचलून चोळून बघायचे, पुकारा व्हायचा, भाव फुटायचा, की घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. आबांनी विचारलं, "आपला एकट्याचा ट्रॅक्टर घेऊन वेशीपाशी उभा राहिला असतास, तर हे व्यापारी आले असते का रे?"

"कशाला येतील आबा?"

"मग शेजारच्याची ट्रॉली बघून जीव का जळावा? ती आहे म्हणून तुझा लिलाव होतो."

एवढंच बोलून आबा चहाच्या टपरीकडे वळले.

पुढच्या हिवाळ्यात फोन उलट्या दिशेने येऊ लागले. चापडगावचा पोरगा म्हणाला, "मामा, पुण्याचे सहाजण आहेत, रात्री राहायला जागा विचारतात." येवल्याच्या विणकराकडे लग्नाच्या पैठण्या घ्यायला आलेलं कुटुंब जेवायला विंचूरला आलं. अंकाईहून उतरलेली पोरं हुलग्याचे शेंगोळे खायला थांबली आणि मुक्कामाला राहिली. बापूने कुणालाच टक्केवारी दिली नव्हती, कुणी मागितलीही नाही. शेजारच्या दोघांनी घरातली एकेक खोली पाहुण्यांसाठी साफ केली. बापूच्या बायकोने त्यांना ताटातली कोशिंबीर किती आणि चादरी किती वेळा धुवायच्या, ते शिकवलं. शेजारी हुशार झाला तर आपलं काय, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. तिच्या वहीत तोही सोयरा झाला होता.

नानाचं दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बरं चाललं. मग त्याच रस्त्यावर आणखी मोठं वॉटर पार्क झालं. तिथे तलाव दोन, घसरगुंड्या सहा. पंपाच्या धबधब्याला दुसऱ्याचा मोठा धबधबा हरवतोच. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं. नाना टँकरने धबधबा चालवायचा आणि मागची उरलेली बाग सुकत पडायची. एके संध्याकाळी आबांची पाळी बदलायची म्हणून तो त्यांना न्यायला आला आणि ओट्यावर बसून राहिला. हप्त्याचं बोलता बोलता त्याचा आवाज बसला.

बापूकडे त्याच आठवड्यात नाशिकच्या एका शाळेचा निरोप आला होता. चाळीस मुलं, दोन रात्री. त्याच्या दोन खोल्यांत ती मावणार नव्हती. तो म्हणाला, "नाना, पोरं तुमच्याकडे उतरवू. तुमच्या हॉलमध्ये झोपतील."

"आणि दिवसा?"

"दिवसा नांदूर, येवला, अंकाई."

"मग माझ्याकडे काय राहील?"

"रात्र राहील, नाना. सकाळ राहील. मागच्या भिंतीला दार पाडा, पोरांना बाग दिसू द्या. धबधब्याचं पाणी बागेला सोडा. छाटणी कशी करतात, घड कसा विरळतात, ते तुमच्याइतकं गावात कोण सांगणार?"

नानाला ते लगेच पटलं नाही. माणसाने कर्ज काढून बांधलेली भिंत फोडायला जीव धजत नाही, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. रात्रभर त्याने विचार केला. सकाळी गवंड्याला बोलावणं गेलं. शाळेची मुलं आली तेव्हा नाना कात्री घेऊन वेलीपाशी उभा होता आणि ऑक्टोबर छाटणीत किती डोळे ठेवायचे ते सांगत होता. आठ फूट भिंतीच्या आत दोन वर्षांत त्याला एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

आता त्याच्या फाटकावरच्या फलकावर नांदूर मध्यमेश्वर, येवला, अंकाई-टंकाई, चांदवड यांची अंतरं लिहिली आहेत, आणि खाली भावाचा फोन नंबर आहे. फायबरचे हत्ती अजून तिथेच आहेत, लहान मुलांना ते आवडतात. कर्ज पुरतं फिटलेलं नाही. पण हप्ते वेळेवर जातात, आणि या भागातली पाच-सहा तरुण पोरं नाशिकला कंपनीत कामाला जायचं सोडून पक्ष्यांची नावं पाठ करू लागली आहेत.

वाचकांना एकच सांगणं. शिर्डीला किंवा वेरूळला जाताना विंचूर, निफाड, येवला ही नावं नुसती पाट्यांवर वाचून पुढे जाऊ नका. ऑक्टोबर ते मार्च या काळात नांदूरला पक्षी असतात, तेव्हा एक रात्र या पट्ट्यात राहा. पहाटे निघा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला पूर्ण पैसे द्या. फोटोसाठी थवा उडवायला कुणाला सांगू नका. पैठणी घ्यायची असेल तर मागापाशी बसून आधी बघा, मग घ्या. आणि जिथे मुक्काम कराल तिथे विचारा, "इथून पुढे कुठे जाऊ?" जो मोकळेपणाने सांगेल, त्याच्याकडे पुन्हा जा.