शेवटचे पन्नास हात

शिडाची मोठी नौका उघड्या समुद्रात चालवणं त्या मानाने सोपं, असं म्हटलं तर पुष्कळांना पटत नाही. पण समुद्रात जागा असते, चूक निस्तरायला वेळ असतो. खरी कसोटी लागते ती धक्का पन्नास हातांवर आला की. वीस टनांचं धूड इंजिन बंद केलं तरी पुढे जातच राहतं आणि त्याला ब्रेक नसतो. फार हळू गेलं तरी पंचाईतच. पात्यावरून पाणी वाहिल्याशिवाय सुकाणू नौकेला वळवत नाही. शिडं उतरवली तरी उंच डोलकाठीला आणि कुशीला वारा लागतोच.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून छपन्न फुटी 'म्हादेई' घेऊन निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची केप हॉर्नची हकिकत आपण कान टवकारून ऐकतो. वाटेतल्या चार बंदरांत शिरणं-निघणं हीही विद्याच आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

ती विद्या बघायची तर भाऊच्या धक्क्यावर जावं. तिथे लाँच चालवणारा मुरलेला तांडेल वेग खूप आधीच कमी करतो आणि पाण्याची ओढ समोरून घेतो, म्हणजे वेग कमी असूनही सुकाणू हातात राहतं. नाळेकडचा दोर मागच्या खुंट्याला अडकला की सुकाणू धक्क्याच्या उलट दिशेला वळवून तो इंजिन किंचित पुढे देतो. दोर ताणला जातो, मागची बाजू आपसूक धक्क्याला येऊन टेकते. ताकद लावावी लागत नाही. ओढीचा अंदाज त्याने निघतानाच बांधलेला असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. उधाणाला मुंबईत पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं, तेव्हा हा हिशेब चुकवून चालत नाही.

आत्मविश्वास म्हणजे बेधडकपणा, अशी आपली समजूत असते. मला तो तांडेलाच्या दुसऱ्याच एका कृतीत दिसतो. वारा फिरला, कोन चुकला, की तो निमूटपणे लाँच बाहेर काढतो, वळसा घेतो आणि पुन्हा येतो. धक्क्यावरचे लोक बघताहेत म्हणून चुकलेला डाव रेटत नाही. शिकाऊ माणसाला हे माघार घेणं सगळ्यात उशिरा जमतं, आणि मोठ्या नौकेवर तेच आधी शिकवायला हवं.

पण शिकवायचं कुठे? गेटवेसमोर शिडाच्या नौका बहुतेक नांगरूनच असतात. त्या धक्क्याला लावायचा सराव क्वचितच घडतो. गिरगावात किंवा परळला वाढलेल्या मुलाला नौकानयनाची वाट क्लबाच्या फाटकातूनच सापडते. मुंबई बंदराने पूर्व किनाऱ्यावरचा एखादा जुना धक्का शिकाऊ नौकांसाठी मोकळा करावा आणि शिकवायला निवृत्त तांडेलांना मानाने बोलवावं.